गाळात सापडलेलं पिवळं दार

एका राजाच्या राजवाड्याला तीनच पायऱ्या. राजा लढाईवरून आला. जिंकला का हरला, ते कोणी नाही सांगितलं. पहिल्या पायरीवर बसला आणि म्हणाला, आधी चहा.

*

गार्डसाहेबांची गाडी सुटली. त्यांचीच गाडी, त्यांना सोडून. मग रुळारुळाने चालत आले. दाराला पिवळा रंग नुकता दिलेला, ओला. हात नका लावू, म्हटलं त्यांना. उभे राहिले मग, वाळेपर्यंत.

*

अस्वलाला मध सापडला. खाल्ला नाही. ऐनाच्या ढोलीत ठेवला नं, दुसऱ्या अस्वलासाठी. अर्धा तुझा. ते दुसरं डोंगराच्या पलीकडे. मध तसाच.

*

माणूस चंद्रावर गेला. तिथून त्याला पृथ्वी नाही दिसली, खिडकी दिसली. खिडकीत दोन कप उपडे घातलेले. म्हणाला, चला, धुतले म्हणजे.

*

देवळाची किल्ली पुजाऱ्याकडे नव्हतीच. यमूकडे होती. देव म्हणाला, उघड. यमू म्हणाली, ये, पण चप्पल आत काढ. बाहेर कुत्रं नेतं.

*

परतणे. खात्री : ९४ टक्के.

*

शेवटची ओळ यंत्राची आहे. वरच्या पाच गोष्टी मंदाकिनी वैरागडे यांच्या. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त वरिष्ठ लिपिक, चंद्रपूर. फेब्रुवारी २०४३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले. बोलणंही वाचलं, पण विचित्र तऱ्हेने. साधं 'हो' किंवा 'नको' त्यांना म्हणता येईना. काहीही विचारलं की त्या एक गोष्ट सांगत.

राजाची गोष्ट म्हणजे 'पाणी देऊ का?' या प्रश्नाचं उत्तर. अस्वलाची, 'कुठे दुखतंय?' याचं. चंद्रावरच्या माणसाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना कुणीतरी विचारलं होतं, 'आई, मला ओळखलंस का?'

विचारणारी त्यांची मुलगी, मृणाल. गोष्ट संपल्यावर ती बराच वेळ हसली आणि मग खोलीबाहेर जाऊन उभी राहिली.

*

मृणाल आशयमापन केंद्रात काम करायची, नागपूरला. शाळेतली मुलं केंद्र बघायला आली की ती त्यांच्या हातात पारदर्शक कागद द्यायची आणि सांगायची, आपापल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट काढा. आता गावाचं नाव खोडा. वाटेतलं झाड खोडा, टपरी खोडा, देऊळ खोडा. अंतरं एकसारखी करा. सगळ्यांचे कागद एकावर एक ठेवा. बघा, तिघांची वळणं तंतोतंत जुळली.

आशयमापक यंत्र गोष्टींचं हेच करतं. प्रत्येक वाक्य अर्थानुसार एका अफाट नकाशावरचा एक ठिपका होतं. जवळच्या अर्थाची वाक्यं जवळ, लांबच्या अर्थाची लांब. ठिपके ओळीने जोडले की गोष्टीची वाट तयार होते. दोनशेबारा भाषांतल्या चाळीस लाख लघुकथांच्या वाटा अशा एकमेकींवर ठेवल्या, तेव्हा उरल्या फक्त चौसष्ट. कोणीतरी निघतो आणि परततो. कोणाला काही सांभाळायला दिलेलं असतं आणि ते हरवतं. धाकटा मोठ्याला ओलांडतो. असे चौसष्ट आशय, बर्फातल्या माणसांचे आणि वाळवंटातल्या माणसांचे तेच.

वाटा जुळायच्या असतील तर आधी खोडाखोड करावी लागते. नावं, गावं, झाडं, भांडी, रंग, आकडे. या कामाला केंद्रात गाळणी म्हणत आणि गाळून पडलेल्या शब्दांना गाळ. मराठीच्या गाळणीचे नियम मृणालने लिहिले होते. नऊ वर्षं लागली होती तिला. 'वैरागड्यांच्या गाळणीतून जिऱ्याचा दाणा सुटत नाही,' असं केंद्रात म्हणत, आणि ते तिला आवडायचं.

नंतर दुसरा एक शोध लागला. माणसाचे शब्द बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला राहतात. गोष्टीची वळणं मात्र उजवीकडेही राखलेली असतात. आघातानंतर बोलणं विस्कटलेल्या माणसांच्या गोष्टी यंत्राला दिल्या, तर शब्द भलतेच पण वाट शाबूत निघाली. मग कायदा झाला. ज्याला आपली इच्छा सांगता येत नाही त्याच्या पन्नास गोष्टी ध्वनिमुद्रित करायच्या, आशय मोजायचा आणि पुढचं राहणं त्यानुसार ठरवायचं. याला इच्छा-अहवाल म्हणतात. अहवालाच्या खाली एक रिकामा रकाना असतो. यंत्राने सांगितलेल्या आशयाचा अर्थ प्रत्यक्षात काय, ते तिथे नातेवाइकांनी भरायचं.

आशय : परतणे.
कुठे : ____________

*

"परतणे म्हणजे घरी जाणे नं?" हर्षल म्हणाला. "मग विषय संपला. नेऊ घरी."

हर्षल मृणालचा मोठा भाऊ, चंद्रपुरात वीज खात्यात.

"कोणत्या घरी, दादा?"

"काय कोणत्या! आपल्याले चाळीस घरं आहेत का? तुकूमचं घर."

"ते बाबांचं घर."

"अन् आईचं नाही? त्रेपन्न वर्षं भाकरी थापली तिथं तिनं."

"तिचं माहेर वरोऱ्याला आहे."

"वरोऱ्याले कोण आहे आता? मामा गेला. मामी पोरापाशी पुण्याले. आईले काय कुलपापाशी बसवतं?"

मृणालला हे वाद घालायचे नव्हते. तिच्या मनात तिसरंच होतं. नागपूरच्या फ्लॅटमधली पूर्वेकडची खोली तिने रिकामी केली होती, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले होते, आईला आवडते तशी जाड वाकळ आणून ठेवली होती. आईला तिच्याकडे यायचंय असं यंत्र म्हणेल, अशी तिला आशा होती. यंत्र म्हणालं, परतणे. मुलीच्या घरी कोणी परतत नाही, जातं.

तिने रकान्यात लिहिलं : राहतं घर, तुकूम, चंद्रपूर.

*

"मिने, तू ये इकडे." आई घरी आल्यावर चौदाव्या दिवशी हर्षलचा फोन आला.

"काय झालं?"

"काही नाही झालं, हाच तर लोचा आहे. बोलून नाही राहिली आई."

"गोष्ट?"

"एक नाही. आली त्या दिवसापासून एक नाही. व्हरांड्यात खुर्चीवर बसते, फाटकाकडे पाहत. अन् चप्पल काढत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चप्पल घालून घरात फिरते! स्वयंपाकघरात चप्पल, देवापाशी चप्पल, पलंगावर चप्पल. काढाले गेलो तर पाय आत ओढते. आई, बाप्पा! जिनं मले दहावीपर्यंत उंबऱ्यावर उभं ठेवलं चपलेपायी!"

पुनर्वसन केंद्रातल्या ताजणे मॅडमनी आईला तपासलं. त्या शांत बाई होत्या, पण त्यांनी बोटावर दिवस मोजले.

"गोष्ट सांगणं थांबलं की वाट बुजते," त्या मृणालला म्हणाल्या. "जंगलातली पायवाट बुजते तशी. अजून दोनेक आठवडे धरा. त्यानंतर त्या बोलतील असं मी सांगू शकत नाही."

"अहवाल चुकला का?"

"तुम्हीच सांगा. यंत्र तुमचं आहे."

*

अहवाल चुकला नव्हता. मृणालने पन्नास गोष्टी पुन्हा यंत्राला दिल्या. परतणे, ९४. पुन्हा दिल्या. परतणे, ९४. जगातल्या जवळजवळ सहा लाख लघुकथा याच वाटेवर होत्या. खलाशी, सैनिक, सासुरवाशिणी, हरवलेली कुत्री, आणि आता तिची आई. हे वाचताना मृणालला पहिल्यांदाच वाटलं की सहा लाखांत आई कुठली, हे आपल्याला ओळखता येणार नाही.

गाळ तीस दिवस ठेवतात आणि मग आपोआप पुसला जातो. सव्विसावा दिवस होता. नऊ वर्षांत मृणालने कधी गाळ उघडला नव्हता. भाजी निवडून झाल्यावर देठं कोण वाचतं?

तिने उघडला.

पन्नास गोष्टींतून गळालेले शब्द, जास्त वेळा आलेले आधी : पायऱ्या तीन, एकवीस वेळा. यमू, सतरा. पिवळं, सोळा. ऐन, चौदा. चप्पल आत, अकरा. दोन कप, अकरा. काच, नऊ. पाखरू चिरडलं, नऊ. डोळा भिंगाला, सात. कुत्रं, सात. वरोरा, एक. तुकूम, एक. भाकरी, एक.

मृणालने आपलं नाव शोधलं. शून्य. हर्षल, शून्य. बाबांचं नाव, शून्य.

तिने पुन्हा शोधलं, मिनू म्हणून. शून्य.

 मृणालने यादी पुन्हा वरून वाचायला घेतली.

*

"दादा, यमू कोण?"

"कोण यमू? आपल्यात कोणी यमू नाही."

"पाखरं कशी चिरडतात?"

"मिने, तू झोपून राहिली नं व्यवस्थित?"

"काच, भिंग, हे नोकरीतलं वाटतंय. आईचं सेवापुस्तक काढ. माळ्यावरच्या निळ्या ट्रंकेत असेल. आत्ता काढ, मी फोनवर आहे."

खडखडाट झाला. हर्षल शिंकला, ट्रंकेला शिव्या दिल्या, आणि मग मोठ्याने वाचू लागला. "पहिली नेमणूक. सूक्ष्मदर्शक सहायक, टसर अंडीपुंज केंद्र, पळसटोला. जुलै १९८७ ते एप्रिल १९९०. हे काय आहे व? आई तर म्हणे, लग्नाच्या आधी थोडे दिवस नोकरी होती."

"पावणेतीन वर्षं," मृणाल म्हणाली.

टसर रेशमाचे किडे ऐनाच्या झाडावर वाढतात. कोषातून पाखरू बाहेर येतं, अंडी घालतं. ती अंडी निरोगी आहेत का, हे कळायला एकच रस्ता असतो. आई-पाखराला खलात चिरडायचं, त्याचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकात बघायचं. रोगाचे कण दिसले तर त्या पाखराची सगळी अंडी जाळायची. दिवसाला दोनशे पाखरं. मृणालने हे शोधून वाचलं आणि तिला आठवलं, तिला शाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक मिळाला तेव्हा आई नुसती म्हणाली होती, 'डावा डोळा मिटू नको. दोन्ही उघडे ठेव.' कुठून माहीत, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

*

अहवालातला रकाना एकदा बदलता येतो. एकदाच.

मृणालने तो उघडला आणि त्यात लिहिलं : मुलीचं घर, नागपूर.

कोणी विचारलं नसतं. गाळ चार दिवसांत पुसला गेला असता. पूर्वेकडची खोली होती, दांडे होते, वाकळ होती. ताजणे मॅडमना तिने समजावलं असतं. आईने नाही सांगितल्या गोष्टी, तर तिने सांगितल्या असत्या. समोर असती आई, एवढं तरी.

आणि चपला घालून बसली असती.

जतन करण्याआधीच तिने ते खोडलं. हर्षलला फोन केला आणि म्हणाली, उद्या सकाळी पळसटोल्याला निघू, आईला पुढच्या सीटवर बसव.

"कोणाच्या भरवशावर ठेवाचं तिले तिथं?" हर्षलचा आवाज चढला. "दोन पोरं धडधाकट असताना आईले परक्याच्या गावी सोडाचं! लोक काय म्हणतील?"

"आधी बघू तर."

"अन् ती यमू मेली असली तर?"

"तर परत आणू."

"अन् नसली मेली तर?"



*

पळसटोल्याचं केंद्र सरकारने केव्हाच बंद केलं होतं. आता गावातल्या बायांची संस्था ते चालवत होती. ऐनाची झाडं होती, रांगेने, जाळ्या टाकलेली. मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या, एका ओळीत चार. तीन राखाडी. चौथीच्या दाराला पिवळा रंग, बहुतेक दहाव्यांदा दिलेला, कडांना पोपडे आलेले.

त्या दाराच्या तीन पायऱ्यांतल्या पहिलीवर एक म्हातारी कोष निवडत बसली होती. पाखरू निघेलसा जड कोष एका टोपलीत, हलका दुसरीत. कानाशी धरून हलवायची, टाकायची.

गाडीचं दार उघडून आई उतरली. काठी हर्षलच्या हातात राहिली.

म्हातारीने कोष हलवायचं थांबवलं. डोळ्यांवर हात धरला.

"मंदे?"

आई चालत राहिली.

"आली का व? किती उशीर!" म्हातारी उठायची खटपट करत म्हणाली. "चहा ठेवला होता नं मी. थंडा झाला असन आता."

आईने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तिथेच बसली. तशीच, रस्त्याकडे तोंड करून. चौदा आणि वरचे सहा, असे वीस दिवस बंद असलेलं तोंड तिने उघडलं.

"राजा आला," आई म्हणाली.

"मंग आधी चहा," यमुनाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

यमुना मारबते. गावातली, लग्न न केलेली, रेशीम केंद्रात रोजंदारीवर पाखरं वेचायला होती. नव्याने नोकरीवर आलेल्या मंदाबाईला एकटीने राहायची भीती वाटायची म्हणून सोबतीला आली आणि तीन वर्षं राहिली. हे त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं, एवढंच. कप दोन होते. हर्षल आणि मृणालला पेले मिळाले.

"पत्र नाही लिहिलं तिनं कधी तुम्हाला?" मृणालने विचारलं.

"मले वाचता कुठं येते?" यमुनाबाई म्हणाल्या. "ती येन म्हणून गेली होती. येनार म्हनली, तं पत्र कायले लिहीन?"

हर्षल भिंत बघत होता. "मावशी," तो शेवटी म्हणाला, "तिले औषध असते, तीन टायमाचं. अन् ती बोलते ते समजत नाही कोणाले. काहीही विचारा, गोष्टच सांगते."

"आधीबी तसंच होतं," यमुनाबाई म्हणाल्या. "दिवसभर पाखरं चिरडाची, न सांजच्याला गोष्टी सांगाची. पाप फिटते म्हने. दोनशे पाखरं, तं एक तरी गोष्ट."

आई खिडकीशी बसली होती. मृणाल तिच्या पायांशी जाऊन बसली. विचारायचं खूप होतं. पन्नास गोष्टींत मी एकदाही का नाही, हे विचारायचं होतं. तिने विचारलं, "आई, इथे राहशील?"

आईने तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, ऐनाकडे.

"एका बाईला मुलगी झाली," आई म्हणाली. "मुलगी मोठी झाली. बाई रस्ता विसरली, मुलगी नाही विसरली. तिने बाईला पोचवून दिलं. लांबून आणलं, सकाळपासून. वाटेत कुठे थांबली नाही."

आई थांबली. यंत्र सोबत नव्हतं. मृणालच्या डोक्यात मात्र वाट आपोआप आखली गेली, एकेक ठिपका, एकेक वळण, आणि चौसष्टपैकी कितवी, ते जिभेवर आलं. ती डोळे पुसायला लागली.

"ऐकलं का व?" यमुनाबाई चुलीकडून ओरडल्या. "पोरगी सकाळपासून उपाशी आहे म्हनते तुई माय. रडाचं मंग. पह्यले भात खा."

आई जोरजोरात होकारार्थी मान हलवत होती.

*

रकान्यात मृणालने लिहिलं : खोली क्रमांक चार, पळसटोला. खाली सही करताना हर्षल म्हणाला, "मी दर रविवारी येईन, सांगून ठेवतो," आणि सही जरा मोठीच केली.

निघताना मृणाल चप्पल शोधू लागली. तिची आणि हर्षलची बाहेर, पहिल्या पायरीखाली होती, जिथे सगळं जग काढतं तिथे. आईची नव्हती. ती आत होती, दाराआड, यमुनाबाईंच्या चपलेशेजारी, भिंतीला लागून. आईने केव्हा काढली, ते कोणी पाहिलं नव्हतं.

"बाहेर नको काढत जाऊ, पोरी," यमुनाबाई दारातून म्हणाल्या. "पुढच्या टायमाले आत आन."

"कुत्रं नेतं?"

"नेते नं!"

मृणालने झाडांखाली पाहिलं. खोल्यांच्या मागे पाहिलं. दुपारचं ऊन होतं, जाळ्यांच्या सावल्या होत्या, आणि एक बाई फांद्यांवरून किडे उचलून दुसऱ्या झाडावर ठेवत होती. मृणालने आपली चप्पल उचलून आत, त्या दोन चपलांजवळ नेऊन ठेवली. मग जायचं आहे हे आठवून पुन्हा पायात घातली.

चपला नेणारं ते कुत्रं १९८८च्या डिसेंबरात मेलं.